सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून एक गाव आहे. तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजतो, मग ज्याला हवं त्यानं सुरू करावं. २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून गावानं हे धरलं. करोनात शाळा मोबाइलवर भरली. पुढं शाळेची दारं उघडली तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, मुलं वर्गात यायची पण वाचण्या-लिहिण्यात त्यांचं चित्त नसायचं, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ती मनावर घेतली. आधी गडीमाणसं हसली. मग ग्रामपंचायतीनं बायकांना बोलावलं. मालिकांपायी आपलीही संध्याकाळ जाते हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, तेव्हा कुठं गोष्ट पुढं सरकली.

मी हायस्कूलवर शिकवते. दहावीच्या वर्गासमोर रोज उभं राहणाऱ्या कुणालाही हे गाव जवळचं वाटेल, तसं ते मला वाटतं. माझ्या आत्याला मात्र हा भोंगा मुळीच पटलेला नाही. आत्याची अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर. माणसांची बोलणी जुळवून देणं हेच तिचं काम. या विषयावरून आमची वरचेवर जुंपते. तिची बाजू ऐकल्याशिवाय माझी बाजू पुरती समजत नाही, असं मला दर खेपेला वाटतं. म्हणून दोन्ही इथं लिहिते.

“दीड तास फोन बंद,” आत्या म्हणाली, “आणि त्याच दीड तासात कुणाला गरज पडली म्हणजे?”

“अगं, तातडीचं असेल तर उचलतातच. गावानं आपखुशीनं ठरवलंय, पोलिसांचा पहारा नाही.”

“तातडीचं आहे हे उचलल्याशिवाय कळतं का? आमच्याकडं निदान तसं कळायचं. कॉल बुक करतानाच सांगावं लागायचं, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. माणूस पोस्टाच्या काउंटरवर उभा राहून खिसा चाचपायचा आणि आपलं दुःख कितीपर्यंत परवडतं ते ठरवायचा. वडील गेल्याचं कळवायला लोक ऑर्डिनरी बुक करून दिवसभर बाकावर बसलेले असायचे, कारण अर्जंटला पैसे नसायचे. सकाळी बुक केलेला कॉल रात्री लागायचा, कधी लागायचाच नाही. मग माणूस येऊन विचारणार, ‘बाई, माझं काय झालं?’ त्याचं तिकीट माझ्यासमोर असायचं, पेन्सिलीनं वेळ लिहिलेलं, आणि लाइन काही मोकळी व्हायची नाही. हे सगळं संपलं त्याचा मला केवढा आनंद झाला, तुला कल्पना नाही.”

आत्या हे सांगते तेव्हा तिचा उजवा हात आपोआप हलतो. कॉर्डची पिन उचलायची, नंबराच्या भोकात घालायची, कळ ओढायची. निवृत्तीनंतरही हाताची ती सवय गेलेली नाही. लाइन लागली की पलीकडून ‘हॅलो’ म्हणताना माणसाचा आवाज कसा बदलायचा, हे तिच्याइतकं जवळून ऐकलेली फार माणसं आता उरली नसतील. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं मध्ये बोलून विचारायचं, अजून तीन मिनिटं हवीत का? पलीकडं कुणी रडत असलं तरी विचारायचंच. तो नियम तिला कधीच पचला नाही.

“आत्या, मला हे सगळं मान्य आहे,” मी म्हटलं. “पण एक गोष्ट बघ. तेव्हा फोन आला नाही तर दोष कुणाचा असायचा?”

“लाइनचा. आणखी कुणाचा?”

“तेच म्हणतेय मी. लाइन लागली नाही, ट्रंक मिळाला नाही, पत्र उशिरा पोचलं, पावसात तारा तुटल्या. माणूस गप्प राहिला तर त्याला बाहेरचं एखादं कारण असायचं, आणि ते सगळ्यांना ठाऊक असायचं. आता लाइन कायम मोकळी. म्हणून जो बोलला नाही तो मुद्दाम बोलला नाही, असंच धरलं जातं. यंत्रानं आपली अडचण दूर केली, पण तिच्याबरोबर माणसाला पाठीशी घालणारी सबबही गेली. वडगावच्या भोंग्यानं ती परत दिली. सात ते साडेआठ कुणी फोन उचलला नाही तर कुणाच्या मनात काही येत नाही. मी एकटीनं रोज दीड तास फोन बंद ठेवला तर पहिल्या आठवड्यात लोक विचारतील, बरं आहे ना? दुसऱ्या आठवड्यात म्हणतील, फार शेफारलीय. सगळ्या गावानं मिळून बंद ठेवला तर त्याचा अर्थच लावायला नको.”

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मोबाइलचं व्यसन, मुलांचे डोळे, झोप, मार्क, याबद्दल पुष्कळ बोललं जातं आणि सगळा उपाय शेवटी एकेका माणसाच्या निग्रहावर सोडला जातो. तू ठरव, तू बंद कर, तू तोल सांभाळ. पण उत्तर न देणं हा दोघांमधला प्रकार आहे. एकानं निग्रह केला की दुसऱ्याला तो अपमान वाटतो. एकट्या माणसाचा निग्रह म्हणूनच फार दिवस टिकत नाही.

आमच्याच घरातलं उदाहरण मी आत्याला दिलं. कुटुंबाच्या ग्रुपवर एका चुलतभावानं त्याच्या वडिलांच्या अँजिओग्राफीची बातमी टाकली. सगळ्यांनी काही ना काही लिहिलं, एका काकूंनी लिहिलं नाही. त्यानं मेसेजवर बोट दाबून धरलं, माहिती उघडली, तर वाचणाऱ्यांच्या यादीत काकूंचं नाव, वेळेसकट. पुढं दिवाळी आली तरी दोन्ही घरांत धड बोलणं नव्हतं. खरं तर त्या रात्री काकूंचा फोन त्यांच्या नातवाच्या हातात होता. गेम खेळता खेळता त्यानं तो मेसेज उघडला आणि मिटला. काकू ओट्यापाशी होत्या, बातमी त्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून कळली. व्हॉट्सॲपनं २०१४च्या नोव्हेंबरात वाचल्याच्या खुणा निळ्या केल्या, तेव्हा लोकांनी एवढी ओरड केली की त्या बंद करण्याची सोय लवकरच द्यावी लागली. पण ती सोय ग्रुपला नाही. तिथं कुणी कधी वाचलं हे कायम दिसतं.

आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“त्या दोन घरांत काय होतं हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे,” ती म्हणाली. “जागेच्या वाटणीपासून धुसफुस होती. निळी खूण निमित्त झाली, एवढंच. ज्यांचं बोलणं चालू असतं त्यांच्यात कुणी असल्या याद्या उघडून बघत नाही. आणि तुझी ती सबब. ‘लाइन लागली नाही’ ही सबब तुला फार गोड वाटते, कारण तू ती ऐकलेली नाहीस. मी बोर्डावर बसून ऐकलीय.”

मग तिनं पीपी कॉलचं सांगितलं. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पीपी बुक करायचे. तो माणूस मिळाला नाही तर पूर्ण पैसे पडत नसत, थोडा आकार भरावा लागे. ऑपरेटरनं आधी पलीकडच्या घरी विचारायचं, अमुकतमुक आहेत का? असले तर लाइन जोडायची, नसले तर तिकिटावर तसं लिहून कॉल संपवायचा.

“माहेरहून मुलीसाठी पीपी यायचा,” आत्या म्हणाली. “मी विचारायची, आहेत का? सासू किंवा दीर सांगायचा, ‘नाही, देवळात गेलीय.’ मागं बांगड्यांचा, भांड्यांचा आवाज. कधी कधी तर ती स्वतःच विचारत असायची, ‘कुणाचाय हो फोन?’ माझ्या कानाला हेडसेट, मला सगळं ऐकू येतंय. आणि मी तिच्या बापाला सांगायचं, पार्टी मिळाली नाही. तो बिचारा म्हणणार, बरं, देवळात गेलीय म्हणजे बरी असेल. हे एकदा नाही झालं. म्हणून सांगते, सबब सगळ्यांच्या उपयोगी पडते असं समजू नकोस. घरात ज्याचं चालतं त्याच्या उपयोगी पडते. मोबाइल आल्यावर त्या मुलीच्या आणि तिच्या बापाच्या मधलं माणूस गेलं. नळावर पाणी भरताना ती दोन मिनिटं आईशी बोलते. हे दोन मिनिटांचं बोलणं बंद करणारा कुठलाही भोंगा मला नको.”

यावर मला चटकन काही बोलता आलं नाही. आत्याच्या बाजूला आकडेही आहेत. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतःच्या वापरातला मोबाइल असल्याचं दिसलं. मी ते तिला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, “म्हणजे निम्म्याअर्ध्या बायकांना तो अजून मिळायचाय, आणि तुम्ही बंद ठेवायचं बोलताय.”

“पण वडगावात बायकांनीच हो म्हटलं, आत्या.”

“म्हटलं असेल. मालिका बघून त्याही कंटाळल्या असतील. पण त्या दीड तासात त्या करतात काय? सात ते साडेआठ म्हणजे चुलीची वेळ. टीव्ही बंद झाला म्हणून नवरा भाकरी थापायला बसला का? पोरं अभ्यासाला बसली, बाप्ये पारावर जाऊन बसले, आणि ती तव्यापुढं. आधी कानाला फोन लावून बहिणीशी बोलत बोलत भाकऱ्या करायची, आता गप्प बसून करते. तिच्या वाट्याला काय आलं?”

“मुलाला जवळ बसवून शिकवणाऱ्या आयाही तिथं आहेत.”

“असतील, त्यांचं कौतुकच आहे. मी सगळ्यांचं विचारतेय.”

खरोखर, हा प्रश्न वडगावच्या बातम्या वाचताना मला पडायला हवा होता; तो कुणालाच पडलेला दिसत नाही. गाव एकत्र येतं तेव्हा कुणाची संध्याकाळ मोकळी झाली आणि कुणाची नुसती मुकी झाली, हे पाहिलं पाहिजे. आत्यानं आणखी एक गोष्ट काढली, ती तर त्या मुलखाची माहिती असलेल्यालाच सुचेल. खानापूर, आटपाडी, कडेगाव या पट्ट्यातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि ही माणसं तमिळनाडू, केरळपासून पंजाब, बंगालपर्यंत पसरली. घरात बायको, आईवडील. नवरा कोइंबतूरला नाहीतर अमृतसरला. आत्या एक्स्चेंजमध्ये होती तेव्हा त्या पट्ट्यातल्या विट्याकडचे असे कॉल ती ओळखायची. पुढं एसटीडी बूथ आले, पिवळ्या पाट्यांचे. रात्री उशिरा दर चौथाईवर यायचा म्हणून तिकडं नवरा बूथवर रांगेत आणि इकडं बायको शेजाऱ्यांच्या फोनपाशी ताटकळत. “त्यांना तू सातचा नियम सांगशील?” तिनं विचारलं.

“नाही सांगणार. त्यांनी त्यांची वेळ ठरवावी. माझं म्हणणं सातला चिकटलेलं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेली एक वेळ असावी, आणि ज्याचं नुकसान होतं त्याला आधी विचारावं, एवढंच आहे.”

मिळून म्हणजे काय, हेही मी तिला नीट सांगितलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं २०२२च्याच नोव्हेंबरात अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही असा ठराव केला. काळजी तीच, पण हा मार्ग मला मंजूर नाही. मोठ्यांनी ठरवायचं आणि मुलांनी पाळायचं. माझ्या वर्गातली मुलं मला सांगतात, बाई, आम्ही अभ्यासाला बसलो की बाबा शेजारी रील बघतात, आवाज तेवढा कमी करतात. वडगावात बापाचाही फोन बंद होतो, हे त्या भोंग्याचं बळ आहे.

एका ठिकाणी मात्र आत्या आणि मी अगदी एकमतावर आलो. शाळेच्या ग्रुपवर रात्री दहाला सूचना येते: उद्या सकाळपर्यंत लिंकवर माहिती भरा. सूचना पाठवणाऱ्याला वरून कुणीतरी तशीच पाठवलेली असते. जेवण टाकून शिक्षक आधार क्रमांक आणि उंची-वजनं शोधत बसतात. हे ऐकून आत्या खवळलीच. “आमची पाळी संपली की हेडसेट काढून ठेवायचा, पुढची बाई खुर्चीत बसायची. मग प्रत्यक्ष मंत्री का फोन करेनात, माझा काही संबंध नाही. हे युनियननं भांडून मिळवलेलं होतं.”

“तेच आता पुन्हा मागावं लागतंय,” मी म्हटलं. फ्रान्समध्ये २०१७च्या जानेवारीपासून कायदाच आला: पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करायची. आपल्याकडं खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८च्या डिसेंबरात लोकसभेत अशाच हक्काचं खाजगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

“कामाचा फोन बंद व्हायलाच हवा,” आत्या म्हणाली. “पण घरच्यांचा नाही. नात्यात पाळी नसते, बाळ. आई रात्री दोनला पण आई असते.”

“पण हात एकच आहे आणि फोनही एकच आहे, आत्या. तुझ्या मुलीचा फोन येईल म्हणून मी तो जवळ ठेवते, आणि त्याच्यावरच मुख्याध्यापकांचा मेसेज येतो. एकदा उचलला की अर्धा तास कुठं गेला कळत नाही. समोर बसलेल्या माणसाला मी ‘हं, हं’ करत असते. घरच्यांसाठी उघडं ठेवलेलं दार सगळ्यांनाच उघडं पडतं.”

“मग दार वेगळं कर,” ती म्हणाली. “माझ्याकडं लँडलाइन आहे अजून.”

खरंच आहे. तिच्या दिवाणखान्यात तिपाईवर तो फोन आहे, शेजारी नंबरांची वही. आम्ही सगळे तिला म्हणत असू, महिन्याचं भाडं कशाला भरतेस? ती ऐकत नाही. त्या नंबरावर मेसेज येत नाही, लिंक येत नाही, फोटो येत नाही. तो वाजला म्हणजे पलीकडं कुणीतरी माणूस आहे आणि त्याला बोलायचंय, एवढंच कळतं. मोबाइल बंद ठेवायचा आणि घरात एक असा फोन चालू ठेवायचा, ज्याचा नंबर फक्त आपल्या माणसांकडं आहे, ही गोष्ट मला मनापासून आवडली. ज्यांच्याकडं लँडलाइन नाही त्यांनी जुना साधा बटणांचा मोबाइल ठेवावा. गलाईवाल्याच्या बायकोलाही हे जमेल, फक्त तो फोन तिच्या हाताशी असायला हवा.

“म्हणजे भोंगा चालेल तुला?” मी विचारलं.

“भोंगा नाही. आपल्या घरांपुरतं काहीतरी ठरवत असशील तर ऐकते. पण माझ्या अटी आहेत. पहिली, लँडलाइन चालू राहील आणि जो घरात असेल त्यानं ती उचलायची, ‘ती देवळात गेलीय’ चालणार नाही. दुसरी, त्या तासात पुरुषांनी स्वयंपाकघरात यायचं. नुसतं बोलायला नाही. कुणी कांदा चिरेल, कुणी ताटं घेईल. बाईचा हात रिकामा झाला तर तो तास तिचाही होईल. हे ग्रुपवर तू लिहू नकोस, मीच लिहीन. तुझ्या बाबाला मी लहानपणापासून ओळखते, त्याला माझ्याकडूनच कळलेलं बरं.”

“आणि वेळ? सात ते आठ?”

“सात अजिबात नाही.” आत्याची मुलगी मँचेस्टरला प्रयोगशाळेत काम करते. तिकडच्या दुपारी दीडला तिची जेवणाची सुट्टी असते, हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडं बरोबर सात वाजतात. ती डबा खाता खाता आईशी व्हिडिओवर बोलते. काय आणलंय ते दाखवते, आत्या त्यात मीठ कमी दिसतंय म्हणून सांगते. ट्रंक बोर्डावर तीन-तीन मिनिटांनी लोकांना तोडत आलेल्या बाईला या अर्ध्या तासाचं मोल काय वाटत असेल, त्याबद्दल वाद घालायची माझी इच्छा नव्हती.

“आठ ते नऊ ठेव,” ती म्हणाली. “मार्चअखेरीला तिकडची घड्याळं पुढं गेली की तिचा फोन सहाला येतो. मग वाटलं तर सातचं बोलू. आणि तुझ्या काकूंना आधी फोन कर, मेसेज नको. त्यांना ही वेळ सोयीची आहे का विचार. नातवाच्या हातातून फोन काढून घ्यायचा तर त्या वेळात त्याला खेळायला कोण घेणार, तेही विचार.”